घरातला एकुलता एक गॉगल

आमच्या घरात डोळ्यांची साथ मी आणली नाही. मी ती फक्त सगळ्यांना वाटून दिली.

आणली माझ्या मुलाने, शाळेतून. बुधवारी ओम घरी आला तो टोमॅटोसारखे लाल डोळे घेऊन. वर्गात म्हणे निम्म्या बाकांवर हाच रंग! आणि रविवारी आमच्याच हॉलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा, वृषालीचा, साखरपुडा. तिचे डोळे आले तर सासरचे काय म्हणतील, या काळजीने मला जेवण जाईना.

डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, हे मला लहानपणापासून पाठ. मी तडक केबिन रोडच्या बाजारात गेलो. ("भैया, इससे काला नहीं है क्या?") एक काळाकुट्ट गॉगल आणून ओमच्या खोलीच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. नियम सोपा: ओमजवळ जाणाऱ्याने तो घालायचा, बाहेर आल्यावर परत अडकवायचा. आई जेवण द्यायला, बायको औषधाचे थेंब घालायला, वृषाली अभ्यास घ्यायला. सगळ्यांनी तो इमानेइतबारे घातला. (ओमही अधूनमधून घालून आरशासमोर उभा राहायचा.)

शुक्रवारी आईचे डोळे आले. शनिवारी सकाळी बायकोचे, संध्याकाळी वृषालीचे! माझी मती गुंग झाली. नजर कुठून गळतेय, हे बघायला मी गॉगल ट्यूबलाइटकडे धरून भोकं शोधली. एकही सापडलं नाही.

वृषाली रडकुंडीला आली. "दादा, हे बघून ते परत गेले तर?"

"मी आहे ना," मी म्हणालो. (या वाक्यानंतर आमच्याकडे आजवर काहीच धड झालेलं नाही.)

रविवारी भाईंदर पश्चिमेहून पाहुणे आले. नवरामुलगा समीर भला माणूस, डोळ्यांचं ऐकून नुसता हसला. पण अंगठी घालताना तो वृषालीकडे बघणारच! मी खिळ्यावरचा गॉगल काढला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर चढवला.

मंगळवारी समीरचे डोळे आले. मी घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. बघून हे पसरतच नाही म्हणाले. हाताने, टॉवेलने, रुमालाने पसरतं, आणि एकच गॉगल सगळ्यांनी घातला तर विचारायलाच नको. मग मी एकटा कसा वाचलो? प्रतिकारशक्ती, असं मी सांगणार तेवढ्यात बायको म्हणाली की यांच्या चष्म्यावर तो गॉगल बसत नव्हता.

घाबरत घाबरत मी समीरला फोन लावला. लग्न मोडलं तर वृषालीला तोंड कसं दाखवू?

"लग्न होणारच, दादा," तो म्हणाला. "फक्त एक अट आहे. लग्नात तुम्ही आमची काळजी घ्यायची नाही."