मागाच्या खड्ड्यातली कासवं

प्रयागबाई तांडापेठेत आमच्या समोर राहायची. नवरा हातमागावर लुगडी विणायचा, ती सुताच्या कांड्या भरायची. नवरा गेला, माग विकला गेला. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा तेवढा राहिला. लोक असा खड्डा बुजवून वरून सारवून घेतात. तिने त्यात कासवं ठेवली.

तेव्हा शहरातल्या पैसेवाल्या घरांत कासव पाळायची टूम होती. लक्ष्मी येते म्हणून. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली, कोरड्या रानातली कासवं. लोक त्यांना दूधभात घालायचे. वर्षा-दोन वर्षांत पाठ मऊ पडायची, डोळे सुजून मिटायचे. मग तेच कासव अशुभ. मग त्याला तलावात सोडायचं. कासव म्हणजे पाण्यातलंच, असं सगळे धरून चालत. रानातलं कासव पोहत नाही. बुडतं.

प्रयागबाईने हे एकदा गांधीसागर तलावावर पाहिलं. एक गृहस्थ पिशवीतून कासव काढून, हात जोडून, पाण्यात सोडत होते. ती लुगड्यानिशी कमरेइतक्या पाण्यात शिरली. कासव घेऊन बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, "तुमचा बाप बिमार पडला त त्याले बी असंच सोडसान का?"

१९७९ च्या दिवाळीनंतर मी त्या खड्ड्यात पहिल्यांदा वाकून पाहिलं, तेव्हा पाच होती. मी नुकताच मराठी घेऊन एम.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. ती मला 'एमे' म्हणायची.

सदरमधले गुरांचे डॉक्टर मारोतराव तिच्याकडून फी घेत नसत. पण कॅल्शियमच्या सुया, डोळ्यांचं औषध आणि खड्डा उबदार ठेवायला बल्ब, एवढं लागणार होतं. "थंडी वाढायच्या आत सुरू झालं नाही तर पाचही जातील," ते म्हणाले. "फी माझी होती, ती सोडली. औषध माझ्या घरचं नाही."

दोनशे रुपये हवे होते.

"एमे, तू शिकला ना गा? लिही कागद. वर्गणी मागू."

मी पत्रक लिहिलं. शेवटी मला राहवलं नाही. 'पाच मुक्या जिवांचे वीस पाय थंडीने गारठले आहेत,' असं वाक्य टाकलं. शंभर प्रती छापून इतवारीच्या बाजारात वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गर्दी. वर्गणी द्यायला कोणी आलं नव्हतं. वीस नखांचं कासव ज्याच्या हाती लागेल त्याला गुप्तधन सापडतं, असं आपल्याकडे मानतात. 'वीस' आणि 'कासव' हे दोन शब्द जवळ दिसले. 'पाय' हा शब्द कोणी वाचलाच नाही.

प्रयागबाईने पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं. "पाच कासवं, चार-चार पाय. बरोबर हाये तुहं. पण हे काहून सांगा लागते? कासवाले पाय राह्यतेच."

मग ती लोकांकडे वळली. "पुढं पाच-पाच, मागं चार-चार. अठरा नखं. वीस कोनालेच नाही. जा घरी."

"बाई लपवून राहिली," एक म्हातारा म्हणाला.

"बरं. मोजा मंग. मोजाचे चार आणे. औषधाले."

रांग लागली. हात धुऊन यायचं. कासव तीच धरायची, उलटं कोणालाच करू द्यायची नाही. "किती झाले?" "अठरा." "मी काय सांगतलं होतं?" तरी तोच माणूस पुन्हा चार आणे टाकून दुसरं मोजायचा. आठ दिवसांत तिघांच्या सुया सुरू झाल्या. पाचवं, सगळ्यांत मोठं, दोन्ही डोळे मिटलेलं, ती बाहेर काढत नव्हती. "झोपून हाये," म्हणायची.

नवव्या दिवशी उमरेडकडचे ठेकेदार नानाजी आले. चारही मोजली. मग खड्ड्यात वाकून पाहिलं. "ते पाचवं?"

"बिमार हाये."

"चार आणे घे ना वं."

ते स्वतःच खाली उतरले. मोजलं. पुन्हा मोजलं. मी उतरून पाहिलं. मागच्या पायांना पाच-पाच होती.

"दोन हजार," नानाजी म्हणाले. "आत्ता देतो."

"काय करसान त्याचं?"

"पूजा."

"मंग?"

त्यांनी खिशातून नोटा काढल्या. पूजा झालेलं कासव पुन्हा कोणाला दिसत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आंधळं त झालंच हाये ते," नानाजी समजावू लागले. "एकाच्या जिवावर चार जगतील."

मला ते पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण पटलं. मी हळूच म्हणालो, "मावशी, विचार कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू बी मोजून राहिला का?"

मग तिने कोनाड्यातून सूत कापायची कात्री घेतली. कासव मांडीवर घेतलं. आधीच्या घरी फरशीवर राहून त्याची नखं वाढून वाकडी झाली होती, ती काढायला मारोतरावांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. कासवाच्या अंगात ताकद नव्हती म्हणून ती थांबली होती. तिने एका नखाचं टोक कापलं. ज्वारीच्या दाण्याएवढं.

"खंडित केलं वं तू," नानाजी उठून उभे राहिले. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. कासवही चालत नाही.

"खंडित कायले? नखं काढले. तुमी नाही काढत का?"

एकेक करून तिने वीसही काढली. रक्त कुठेच आलं नाही. मग हात पुढे केला. "दोनदा मोजले तुमी. आठ आणे."

नानाजींनी आठ आणे ठेवले आणि गेले.

दुपारपर्यंत इतवारीला कळलं. दुसऱ्या दिवशी दारात कोणी नव्हतं. दोघांच्या सुया बाकी होत्या आणि सकाळी अंगणातलं गार पाणी हात लावू देत नव्हतं. माझ्या डोक्यात ते दोन हजार होतेच. तिने आंधळं कासव टोपल्यात ठेवलं, वर जुन्या लुगड्याची घडी घातली.

"चाल एमे. धरमपेठेत."

पहिल्या बंगल्यातल्या बाईंनी घडी उचलून पाहिलं. "यात विशेष काय आहे?"

मी तोंड उघडणार होतो.

"काही नाही," प्रयागबाई म्हणाली. "बिमार हाये."

दार लागलं. दुसऱ्या घरी एक रुपया मिळाला. तिसऱ्या घरच्या गृहस्थांनी विचारलं, हेच का ते वीस नखांचं?

"मोजनं बंद झालं. द्याचं त द्या, नाही त दार लावा."

त्यांनी हसून पाच रुपये दिले. पुढच्यांनी दार लावलं. तिला दोन्ही सारखंच. अशी चाळीसेक दारं झाली. उन्हं उतरेपर्यंत दोघांच्या सुयांचे पैसे जमले. मी टोपलं उचलून परत वळलो. ती वळली नाही.

"झाले ना पैसे, मावशी."

"याईचे झाले. कोनी तरी उद्या सहावं सोडनच पान्यात," ती म्हणाली, आणि तिने पुढच्या फाटकाची कडी वाजवली.