रतिभाऊचा हात

रतिभाऊला मी कमी ताकदीचं वेल्डिंग मशीन दिलं, ही माझी पहिली चूक. ती धंद्यातली चूक होती. अशी चूक कोणाच्याही हातून होते आणि मशीन बदलून दिलं की मिटते. दुसरी चूक मी तोंडाने केली, आणि ती मिटवायला इतका उशीर केला की तोवर तो माणूसच राहिला नाही.

त्याच्या जाण्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्यात दुकानात होतो. एका गिऱ्हाइकाला पाण्याच्या मोटारीची केबल मोजून देत होतो. फोन ठेवला, केबल पुरी मोजली, कापली, गुंडाळी करून दिली आणि मग शटर ओढलं. केळीच्या बागेत पाणी सोडून घरी आला, ओट्यावर टेकला आणि तिथेच गेला, असं त्याचा मुलगा हितेश सांगत होता. स्मशानात मी रडलो नाही. रडण्याचा हक्क मला आहे का, हेच ठरत नव्हतं...

आम्ही शाळेपासूनचे. तो तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, मी शहाद्याच्या हार्डवेअरवाल्याचा. त्याला लोखंडाचा नाद होता. औत मोडलं की तो शहाद्याला येई, वेल्डरच्या दुकानासमोर उकिडवा बसून काम बघत राही, आणि परत जाताना माझ्याकडे चहा पिऊन जाई. बघून बघून एक दिवस म्हणाला की आता घरीच मशीन घेतो. मी विचारलं, काम काय काय करशील? तो म्हणाला, “खाटपाईन ट्रॉलीलोंग समदं घरनं घर करनं शे.”

खाटेपासून ट्रॉलीपर्यंत, यातली मी खाट तेवढी ऐकली. ट्रॉली ऐकलीच नाही. मला वाटलं, हौस आहे. चार महिने फाटक, खाट, कोंबड्यांचं खुराडं करील आणि मशीन कोपऱ्यात जाईल. म्हणून हातात उचलून नेता येईल असं, घरच्या लाईटवर चालणारं लहान मशीन त्याला दिलं. दुकानात पातळ पट्टी जोडून दाखवली. सुरेख जोड आला. त्याने ठोकून पाहिला आणि विचारलं, “हाई मशीन मन्हा कामले पुरी का?” मी म्हणालो, पुरून उरेल.

त्याला जे विचारायला हवं होतं ते मी आज प्रत्येकाला विचारतो. सर्वांत जाड लोखंड किती जाड असणार? घरचं व्होल्टेज संध्याकाळी किती उतरतं? वायर किती लांबून ओढणार? मशीनवर छापलेली ताकद ही भरपूर दाब असलेल्या लाईटवरची असते. त्याच्या शेतातल्या लाईटवर, विहिरीपासून ओढलेल्या लांब वायरवर, ते मशीन निम्म्या ताकदीचं होत असे. पातळ पत्र्याला तेवढं पुरतं. जाड प्लेटीत जोड आतपर्यंत जात नाही. रॉड वितळतो, वर छान गोधडीच्या टाक्यांसारखी ओळ दिसते, आणि खालचं लोखंड तसंच कोरं राहतं. बाहेरून कळत नाही.

त्यांच्या गावात यात्रेला बारागाड्या ओढतात. एकामागे एक जोडलेल्या बैलगाड्या, त्यांवर माणसं चढलेली, आणि देवाचा भगत एकटा त्या ओढत देवळापर्यंत नेतो. पूर्वी गाड्या दोरखंडाने बांधत. मशीन घेतलं त्या वर्षी रतिभाऊने गावाला शब्द दिला की मी जाड प्लेटीचे लोखंडी हुक करून देतो. महिनाभर तो त्यातच होता. हुकांना त्याने शेंदरी रंगही दिला. मला खास बोलावणं होतं.

गाड्या हलल्या, आणि थोड्या अंतरावर मधला एक हुक तुटला. पुढच्या गाड्या भगतामागे गेल्या, मागच्या जागीच राहिल्या. कोणाला लागलं नाही, पण बारागाड्या तुटणं हे गावात वाईट मानतात; वर्ष बरं जात नाही म्हणतात. नारळ फोडून, दोरखंड आणून पुन्हा पहिल्यापासून ओढाव्या लागल्या. त्या गडबडीत मी तुटलेला हुक उचलून पाहिला. प्लेटीची मूळची काळी कड जशीच्या तशी होती. जोड आत उतरलाच नव्हता. हाताचा दोष असता तर ओळ वाकडीतिकडी असती, मध्ये भोकं असती. ती ओळ सरळ होती... मला तिथेच समजलं.

पारावर वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांनी मला विचारलं की तुम्ही मशीनवाले, काय झालं सांगा. रतिभाऊ शेजारीच उभा होता. मी म्हणालो, “मशीन चांगलं आहे. हाताला सवय लागायला वेळ लागतो.”

एवढंच. पुढचं गावाने केलं. “रतिभाऊनी वेल्डिंग म्हंजे दूधनी साय, फुकं की बाजूले,” असं कोणीतरी म्हणालं आणि ते त्याला चिकटलं. तो हसण्यावारी नेई, स्वतःही सांगे. पण लोक मोडकं औत घेऊन त्याच्या दारावरून पुढे शहाद्याला जाऊ लागले. लग्नाच्या मांडवाचे खांब त्याने फुकट जोडून देतो म्हटलं, तर मांडववाल्याने नको म्हटलं. मग तो गोठ्यात भंगाराचे तुकडे घेऊन बसू लागला. एकाला एक जोडायचा, कापायचा, पुन्हा जोडायचा. मी गेलो की दाखवी आणि मला विचारी, सुधा, आता कसं वाटतं? मी म्हणे, चांगलं आहे. जो दोष त्याच्यात नव्हता तो काढण्यासाठी तो कित्येक वर्षं झटत राहिला, आणि त्याला लागणारे रॉड मीच विकत होतो.

शेवटचा तो दुकानात आला तेव्हा काही घ्यायला आला नव्हता. स्टुलावर बसला. म्हणाला, “सुधा, खरं सांग. मन्हा हात कच्चा व्हता का?” मी म्हणालो, जुनी गोट शे, सोड ना. तो म्हणाला, “जुनी शे म्हनीसनच इचारी ऱ्हायनू.” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तो चहा संपवून गेला.

आमच्याकडे माणूस गेला की लोक काही दिवस दारावर बसायला जातात. बाहेर सतरंजी असते, बोलणं थोडं असतं. मी गेलो तेव्हा पंधरावीस माणसं होती. त्याचा शेजारी हितेशला हळूच म्हणाला की तुझ्या वडलांचं मशीन पडून आहे, मला ट्रॉलीची चासी, खालचा सांगाडा, जोडायची आहे, नेऊ का? हितेश म्हणाला, “लई जा काका. पप्पाले काई जमनं नही, तुमले जमी.” त्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. घरातली ठरलेली गोष्ट सांगावी तसं तो बोलला. दारात भाभी, रतिभाऊची बायको, बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

दारावर बसलेला माणूस उभा राहून बोलत नाही. मी बसूनच बोललो, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. शेजाऱ्याला म्हणालो, ते मशीन नेऊ नका, ट्रॉलीचं लोखंड त्याच्याने होणार नाही. तेव्हाही होणार नव्हतं. मग भाभींकडे वळलो.

“भाभी, रतिभाऊना हात पक्का व्हता. मशीनच कमी पडनी, आणि ती मी दिन्ही व्हती. हुक तुटना तव्हयच माले समजनं व्हतं. पारवर मी खोटं बोलनू. तेनी माले इचारं, तरी सांगं नही. तेनी माफी मांगाले मी उशिरा उनू. तुमनी मांगस.”