पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन सीट

“सुनीताताई, माझ्या आईबाबांच्या सीट कोणी बदलल्या?”

लंडनहून प्रज्ञाचा फोन होता. मेहकरात सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडे जेमतेम उजाडलं असेल. सीट मीच बदलल्या होत्या, आदल्या दिवशी. पण का बदलल्या ते तिला सांगणार नाही, असा शब्द मी तिच्या आईला दिला होता. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. बुकिंगला प्रज्ञाचा ईमेल दिलेला होता. सीट बदलली की कंपनीचा कॉम्प्युटर आपोआप मेल पाठवतो, तो थेट तिच्या फोनवर गेला.

मी मेहकरात ट्रॅव्हल एजन्सी चालवते. रेल्वेचं आरक्षण, पासपोर्टचे फॉर्म, नागपूर-मुंबईची विमानं, बोधगया-सारनाथच्या सहली, असं सगळं. बिझनेस क्लासचं हे माझं पहिलंच बुकिंग होतं. जानेफळचे यशवंतकाका आणि सुमनकाकू. काका एसटीत कंडक्टर होते, काकू अंगणवाडी सेविका. दोघंही आता रिटायर. प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. तिला लंडनमध्ये मुलगी झाली होती, आता आठ महिन्यांची. नातीला बघायला दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार होते.

बिझनेस क्लास हौसेपोटी नव्हता. काकूंच्या पायात मागे एकदा रक्ताची गाठ झाली होती. पाय लोंबकळत ठेवून आठ-नऊ तास बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बिझनेस क्लासची सीट पूर्ण आडवी होते, तिचा पलंग होतो. तिकिटाचे पैसे प्रज्ञाने भरले आणि सीटही तिनेच मला फोनवर सांगितल्या. दोघांनाही खिडकी, एकामागे एक. तिसरी रांग आणि चौथी रांग.

ही मांडणी आधी समजून घ्या. एसटीत कसं, एका बाजूला दोघांचं बाकडं आणि दुसऱ्या बाजूला तिघांचं. या विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये एका रांगेत चारच सीट. डाव्या खिडकीशी एक, मग चालायची वाट, मध्ये दोन, पुन्हा वाट, आणि उजव्या खिडकीशी एक. खिडकीच्या सीटला चहूबाजूंनी आडोसा असतो. कुणाचा कुणाला त्रास नको म्हणून. लोक खास त्यासाठीच पैसे मोजतात.

तिकिटाचा कागद न्यायला दोघं ऑफिसात आले, तेव्हा मी हे सगळं मोठ्या कौतुकाने समजावलं. काका टापटीप, पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी तिकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि गाडी कोणत्या फलाटावर लागते ते विचारलं. मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले, तेही हसले. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. काकूंनी शांतपणे सांगितलं, “लागंल तवा सांगतो तुमाले.” मग मला विचारलं, “पोरी, यायची सीट माझ्यापासून किती लांब हाय?”

मी म्हटलं, तुमच्या अगदी मागेच, पण मध्ये भिंत आहे, तुम्हाला काही त्रास होणार नाही. काकूंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या आल्या. काकांना शेजारच्या घरी बसवून आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि मग सांगायला लागल्या. वर्षभरापासून काका विसरायला लागले होते. दिवसा फारसं जाणवत नाही. पण झोपेतून जागे झाले की कुठे आहोत तेच त्यांना कळत नाही. घाबरतात, उठून दाराकडे जातात. काकूंनी हात धरला की शांत होतात. म्हणून काकू खाटेला खाट लावून झोपत. बुलढाण्याच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या. प्रज्ञाला यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर काका पाच मिनिटं चांगलं बोलत, मग काकू फोन आपल्याकडे घेत.

मी विचारलं, तिला का नाही सांगितलं?

“सांगतलं तं ती येऊ नका म्हणंल. स्वतःच इकडं पळत यीन, लहान लेकरू घिऊन. या वर्षी नातीले पाह्यलं तं त्यायच्या ध्यानात तरी राहीन. पुढच्या वर्षाचं कोनं पाह्यलं? मले बाकी काई नको पोरी. त्यायच्या हातापर्यंत माहा हात पोचला पाह्यजे.”

त्या गेल्या तशी मी सीटचा नकाशा उघडला. मधल्या दोन सीट म्हणजे जोडीच्या सीट, एवढं मला माहीत होतं. सहाव्या रांगेत मधल्या दोन्ही मोकळ्या दिसल्या. मी लगेच घेतल्या आणि काकूंना फोन करून काम झाल्याचं सांगितलं. त्यावरच प्रज्ञाचा हा फोन आला होता.

ती चिडलेली होती, पण आवाज चढवत नव्हती. ती त्या विमानाने दोनदा येऊन गेली होती. म्हणाली, आईला आयुष्यात एकदा खिडकी मिळावी म्हणून मी ती सीट घेतली होती. आणि जवळ बसवायचं म्हणून बदलली असेल, तर सहाव्या रांगेत मधल्या सीट जवळ नसतातच.

ती म्हणाली ते खरं होतं. फोन कानाशी धरूनच मी त्या विमानाचा मोठा नकाशा उघडला. मधल्या जोड्या एकाआड एक रांगेत बदलतात. एका रांगेत दोन सीट एकमेकींना चिकटून, मध्ये फक्त एक खाली सरकणारा पडदा. पुढच्या रांगेत त्याच दोन सीट वाटेकडे सरकलेल्या आणि मधल्या जागेत दोघांची दोन टेबलं. सहावी रांग टेबलांची होती. छोट्या नकाशात मला दोन चौकोन शेजारीशेजारी दिसले आणि मी घेऊन टाकले. तिथे काकूंचा हात काकांपर्यंत पोचलाच नसता.

चूक माझी होती, तसं मी सांगितलं. मग प्रज्ञाने पुन्हा विचारलं, “पण बदलायला सांगितलं कोणी?”

मी म्हटलं, “तुझ्या आईने. कारण मात्र तिलाच विचार.”

तिने एवढंच विचारलं, “बाबांचं काही आहे का?”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने फोन ठेवला.

मी लगेच काकूंना फोन लावून मेलचं सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या. एवढंच काम सांगितलं होतं, तेवढंही झालं नाही, असं म्हणाल्या. त्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला शेगावऐवजी भुसावळचं आरक्षण काढून दिलं आणि पुन्हा रद्द केलं. प्रवासाला बारा दिवस राहिले होते. प्रज्ञा आता तिकीटच रद्द करायला सांगेल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज बसलेला होता. मायलेकींचं दोन तास बोलणं झालं होतं. आधी ती आईशी भांडली, मग रडली, आणि मग दोघींनी ठरवलं की जायचंच. काकूंनी तिला एकच अट घातली होती, बापासमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही.

“ताई,” प्रज्ञा म्हणाली, “आता लपवायचं काही नाही. तुम्ही कंपनीला सगळं खरं सांगा आणि सीट मिळवा.”

लपवाछपवी संपली तसं कामही सोपं झालं. पण लगेच नाही. चिकटून असलेल्या जोड्यांच्या रांगा पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी. तिसरी आणि पाचवी पूर्ण भरलेल्या. सातवीत एक मोकळी, एक भरलेली. पहिली रांग नकाशावर करड्या रंगाची होती, म्हणजे ब्लॉक. कंपन्या अशा काही सीट स्वतःकडे राखून ठेवतात. तान्ह्या बाळांसाठी, आजारी प्रवाशांसाठी, कधी त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांसाठी.

मी कॉल सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलीने दोन्ही सीट बिझनेस क्लासच्याच आहेत ना, मग अडचण काय, असं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, व्हीलचेअर मागता येते, जेवण बदलता येतं, हात धरण्यासाठी रिक्वेस्ट टाकायला सिस्टीममध्ये जागा नाही. ती चांगली बोलत होती, तिच्या पडद्यावर खरंच तशी जागा नसणार. मी सुपरवायझर मागितला.

सुपरवायझर वयाने मोठे वाटले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, डॉक्टरांचं पत्र पाठवा, त्यात स्पष्ट लिहून घ्या की सोबतचं माणूस हाताच्या अंतरावर असणं गरजेचं आहे. मग आमचा मेडिकल विभाग बघेल. काकू बुलढाण्याला जाऊन पत्र घेऊन आल्या. डॉक्टरांनी अगदी त्याच शब्दांत लिहिलं होतं. मी ते पाठवलं आणि दोन दिवस रोज फोन करत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी नकाशा उघडला, तर पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन सीटवर त्यांची नावं आली होती.

मी दोघांना ऑफिसात बोलावलं. आता मला कशावरच विश्वास नव्हता. कंपनीच्या वेबसाइटवरून सीटची मापं घेतली, टेपने मोजून दोन खुर्च्या मांडल्या आणि मध्ये पुठ्ठा उभा केला. हा पडदा, तो खाली करायचं बटण तुमच्या बाजूला असेल, विमान उडाल्यावर लगेच दाबा, नाही सापडलं तर तिथल्या मुलीला सांगा, असं काकूंकडून दोनदा करून घेतलं. प्रज्ञा व्हिडिओ कॉलवर बघत होती. बाळ तिच्या मांडीवर होतं.

काका खुर्चीत बसले. पुठ्ठा काढला. काकूंनी हात पुढे केला, तो काकांच्या मनगटापर्यंत आरामात पोचला. काकांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ड्युटीवर असल्यासारखे मला म्हणाले,

“ताई, म्हतारी जोडी असली तं एकाच बाकड्यावर बसवत जा. येगयेगळी बसवली का उतराचं ठेसन इसरतेत.”

फोनवर प्रज्ञाने बाळाच्या डोक्यावर तोंड टेकवलं. काकूंची अट तिने पाळली. बाबांना म्हणाली, “बरोबर आहे बाबा, मी सांगते त्यांना.”

दोघं गेले. समृद्धीवरून गाडीने मुंबई, तिथून विमान. त्या दिवशी मी काकूंच्या फोनची वाट बघत होते, पण तो आला दोन दिवसांनी. पडद्याचं बटण काही सापडलं नव्हतं, विमानातल्या मुलीने खाली केला. काकूंनी पाय वर घेतले, पण झोपल्या नाहीत. काका दोनदा जागे झाले. पहिल्यांदा पट्टा सोडायला लागले. काकूंनी हात धरला, तसे पुन्हा पडून राहिले. दुसऱ्यांदा जागे झाले तेव्हा त्यांनीच काकूंचा हात चाचपला.

मी विचारलं, नात काय म्हणते?

“तिले पाहून लई खूश झाले. पन प्रज्ञा म्हनून हाक मारून राह्यले तिले.” मग काकूच म्हणाल्या, “प्रज्ञा नाई दुरुस्त करत. तीच ओ देते.”

ते तिथे तीन महिने राहिले. परत येताना प्रज्ञा बाळाला घेऊन सोबत आली आणि महिनाभर जानेफळला राहिली. आता ती रोज फोन करते आणि बाबा काय विसरले ते काकू तिला खरं सांगतात.

धंद्याचं म्हणाल, तर मी दोन गोष्टी शिकले. एक, विमानाचा मोठा नकाशा उघडल्याशिवाय सीट घ्यायची नाही. दुसरी, पैसे कोणीही भरो, सीट विचारायची ती बसणाऱ्याला. दुसरी शिकले असं मला वाटत होतं. या वर्षी डोणगावचं एक जोडपं आलं, सिंगापूरला मुलाकडे जाणारं, बिझनेस क्लासच. मी काही न विचारता मोठ्या हौसेने चिकटून असलेली मधली जोडी काढून दाखवली. बाईंनी नकाशा नीट पाहिला आणि नवऱ्यासमोरच म्हणाल्या, “मले त्या टोकाची खिडकी द्या, अन् यायले ह्या टोकाची. चाळीस वर्सं झाले, यायचं घोरनं आयकून राह्यली मी.”

तशाच दिल्या.