भावाचा फोन

महिन्यातून एकदा मी एक जुना फोन चार्जिंगला लावतो. तो तापला की प्लास्टिकचा वास सुटतो आणि अहमदपूरच्या थोरल्या भावाची खाट डोळ्यांपुढे येते. बसस्टँडजवळ त्याचं मराठी टायपिंगचं दुकान होतं आणि तिथला कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर चालायचा. लकव्याने उजवा हात गेला, दुकान बंद झालं, तरी पडल्यापडल्या अर्ज टाईप करीन म्हणायचा. म्हणून मी त्याच्याच फोनवर त्याच्या सवयीचं तेच लिनक्स टाकायला बसलो. “बिघडवू नका भावजी, एकच फोन हाय,” वहिनी म्हणाल्या. सगळी दुपार गेली. फोन हाताला चटके देऊ लागला तेव्हा कुठे त्या वीतभर काचेवर दुकानातल्यासारखा पडदा उमटला. “लई बेस! दुकानच आणलंस की रे,” तो हसला. मी कीबोर्ड जोडून त्याच्या मांडीवर ठेवला. बटणांवर फक्त इंग्रजी अक्षरं होती. मराठी त्याच्या बोटांना पाठ होती, पण त्यातली निम्मी बोटं गोधडीवर निपचित पडली होती. डावा हात स्वतःच्या नावाच्या अर्ध्यावर अडला. त्याने कीबोर्ड मांडीवरून बाजूला सारला. मग म्हणाला, “चल, शटर ओढ.” तो गेल्यावर वहिनींनी फोन मला दिला. मी तो चार्ज करून ठेवतो, चालू करत नाही.