नरक्याचा वास

आंबोलीच्या जंगलात वाट दाखवायला आलेल्या धोंडूमामांना मी विचारलं, "मामा, नरक्या कुठला हो?" त्यांनी आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"कित्याक?"

"नुसता बघायचाय. बहिणीच्या कॅन्सरचं औषध त्याच्यापासून होतं."

"सगळे बगूकच येतत, नि मगे चोरून तोडून नेतत," म्हणत त्यांनी एका झाडाकडे बोट दाखवलं. मी खोडावरून हात फिरवला. मग पान चुरगळून हुंगलं. नरकासारखी घाण येते म्हणून तर हे नाव. याला वासच नव्हता. मामा भलतीकडेच बघत होते.

राग आला. पण उद्या ते औषध मिळेनासं झालं, तर याच पिशवीत कोयता नसेल, असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

"बाप रे, काय घाण वास!" मी म्हटलं.