दाजीपूरच्या राईतला सौ. सुनंदांचा डबा

जिओकॅशिंगच्या वेबसाइटवरून मेल आला तेव्हा माझा मित्र महावीर जाऊन सहा महिने झाले होते. मेल त्याच्याच नावानं होता, पण डबा लपवताना त्यानं माझाही पत्ता देऊन ठेवला होता. अभयारण्याच्या हद्दीतले सगळे डबे वनखात्यानं काढायला सांगितलेत, आपला डबा तातडीनं हलवावा. मेलेल्या माणसाला असं खडसावलेलं वाचून डोकंच फिरलं माझं. मग वाटलं, खरं तर बरोबरच आहे त्यांचं.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी: एकानं डबा लपवायचा, ती जागा उपग्रहाच्या आकड्यांत वेबसाइटवर टाकायची. दुसऱ्यानं हातात जीपीएस घेऊन शोधायचा, आतली एखादी चीज घ्यायची, आपली एखादी ठेवायची. खोदायचं नाही, खाण्याचं काही ठेवायचं नाही, आणि जागा ज्याची त्याला विचारल्याशिवाय तर मुळीच ठेवायचं नाही. महावीरनं पहिले दोन नियम पाळले. तिसऱ्याला त्यानं फाटा दिला, तोही देवराईत. राई म्हणजे गावानं देवीच्या नावावर सोडलेलं रान.

बाकीचे लोक प्लास्टिकचा डबा वापरतात. माकडं फोडतील म्हणून आमच्या शहाण्यानं घरातला स्टीलचा कडीचा डबा उचलला. त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, लग्नातला. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय भेट पुरी होत नाही, तसं त्यावर कोरलेलं: 'सौ. सुनंदा यांस मामाकडून सप्रेम भेट'. वहिनींनी तो डबा दोन वर्षं घरभर शोधला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यानं हसत हसत सांगितलं कुठं आहे ते. मेलचं कानावर घातलं तर वहिनी म्हणाल्या, "मीबी येते भावजी. मला माझा डबा पाहिजे. दुसरं काय मागत न्हाय मी."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी निघालो. उचगावातून माझी मारुती काढली, कसबा बावड्यातून वहिनींना घेतलं. आभाळ भरलेलं, पाऊस मात्र नाही. भोगावतीपर्यंत उसाच्या बैलगाड्यांमागं रांगत गेलो. कारखान्यांच्या हंगामात जाणार असाल तर तासभर जादा धरा. राधानगरीत मिसळ खाल्ली. एरवी मी तिथल्या कटावर तुटून पडतो, त्या दिवशी अर्धी तशीच ठेवून उठलो. पुढं रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा. पेट्रोल राधानगरीतच भरून घ्या, पुढं भरवसा नाही. दाजीपूरच्या नाक्यावर माणसांची आणि गाडीची पावती होते, दोन मिसळींच्या भावात. गवे पहाटे किंवा संध्याकाळी दिसतात म्हणे. आम्हाला शेणाशिवाय काही दिसलं नाही.

नाक्यावरच्या गार्डला मेलची प्रत दाखवली. तो म्हणाला, "काढा की, उपकार हुतील. पर पावणं, राई गावाची हाय. आदी गुरवाच्या घरात इचारा."

गुरव बाजाराला गेले होते, गुरवीणबाई घरी होत्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. डब्याचं नाव काढल्यावर पायांत चपला अडकवून त्या आमच्यापुढं निघाल्या.

राईत शिरल्यावर मला शरम वाटायला लागली. देवीच्या दगडापासून आत एक वाट गेली होती, लोकांनी पाडलेली. शेवाळ खरवडलेलं, दगड उलटेपालटे करून टाकलेले, एका फांदीचा खुंट तेवढा उरलेला. वेफरच्या पिशव्या पडलेल्या. लांबलांबून गाड्या काढून आलेले निसर्गप्रेमी हे! मी पिशवी काढून कचरा गोळा करायला लागलो. महावीर असता तर त्याला तिथंच फैलावर घेतला असता.

"माणसं यंत्र घिऊन का हिंडत्यात म्हून आमी बगाय गेलो, तर खबदाडात ह्यो डबा," बाई म्हणाल्या.

डबा आता देवीच्या पायाशी होता. घासूनपुसून लख्ख, आत दिव्याचं तेल. वहिनी खाली बसल्या आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"आत बांगडी, मणी, पोरांची मोटार, कायबाय हुतं," बाई सांगत होत्या. "वर सौभाग्यवतीचं नाव. म्हंजी नवसच की! कुण्या बाईनं धन्यासाठी बोलला आसंल. तवापास्नं दर आवसेला तिच्या नावानं दिवा लावतोय."

मी खेळ समजावून सांगायला लागलो. उपग्रह, वेबसाइट, खात्याचा हुकूम. बाईंनी मला मध्येच तोडलं. "खात्याचा कागद देवीला दावा. राईतली वाळकी काडीबी भायेर जात न्हाय." मग वहिनींकडं बघून त्यांचा आवाज जरा खाली आला. "ज्याच्यासाठी दिवा, त्यो मानूसच गेला, तर मातर वस्तू घरी माघारी देतो. ठिवत न्हाय. बाई, तूच काय गं सुनंदा? मालक बरं हायत न्हवं?"

वहिनी अजून टिकली लावतात, लेकीच्या हट्टाखातर. बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. मला हायसं वाटलं, की चला, खरं सांगितलं की डबा हातात. मी तोंड उघडलं.

"बरे हायत," वहिनी म्हणाल्या. "आता बरे हायत."

गावातल्या दुकानातून त्यांनी तेल आणलं आणि डबा काठोकाठ भरला. बाईंनी दिवा लावला. "सुनंदाच्या धन्याला सुकात ठेव गं आई," असं मोठ्यानं म्हणाल्या. वहिनींनी हात जोडले. मला तिथं उभं राहवेना, मी कचऱ्याची पिशवी घेऊन गाडीकडं आलो.

परतताना राधानगरी मागं पडली. मग वहिनी काचेबाहेर बघत म्हणाल्या, "घरात फोटोला हार घातल्यापास्नं सगळी 'हुते' म्हणत्यात, भावजी. पोरंबी. ती बाई 'हायत' म्हणाली." एवढं बोलून त्या बावड्यापर्यंत पदर तोंडाला लावून रडल्या. मी गाडी हळू चालवली, दुसरं काय करणार.

घरी येऊन वेबसाइटवर महावीरची नोंद बंद केली आणि खाली लिहिलं, इथं आता शोधण्यासारखं काही नाही, कृपया राईत जाऊ नका. तुम्हालाही तेच सांगतो. दाजीपूरला जरूर जा, पण पावती करून, वाटेवरून, रिकाम्या हातांनी. अभयारण्यात डबा ठेवायची हुक्की येईलच, ती दाबा. रान येत्या पावसाळ्यात थोडं सावरेल. मी अजून सावरलेलो नाही. मित्राच्या नावापुढं बंद असं स्वतःच्या हातानं लिहिणं फार वाईट.

परवा वहिनींचा फोन होता. येत्या अमावास्येला तेल पोचवायला येता का म्हणून. मी हो म्हणालो. बाई पुन्हा विचारतीलच मालक कसे आहेत ते. वहिनींच्या तोंडून शब्द फुटला नाही, तर मी सांगेन, बरा आहे म्हणून.