चार बोटं चढ

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर जमिनी मोजत आले. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. वस्तीमागच्या टेकडीवर एक तळं आहे. तिथपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही चालता येईल अशी पायवाट करायची, असं त्यांनी डोक्यात घेतलं. लोकांना सांगायला हे ठीक होतं. खरं कारण ताई होती. तिच्या फुप्फुसांनी केव्हाच हात टेकले होते, आणि लग्नाआधी दोघं पहिल्यांदा मोकळेपणी बोलले ते त्या तळ्याकाठी. तिला ते एकदा बघायचं होतं.

भाऊजींची आखणीची तऱ्हाच वेगळी. ताईला हळूहळू चालवत न्यायचे, ती धाप लागून थांबली की तिथे खुंटी ठोकायचे आणि वहीत लिहायचे, ‘बाक’.

“मला फिरवताय की मोजताय?” ताई विचारायची.

रविवारी वस्तीतली माणसं कुदळी-फावडी घेऊन यायची. मीही जायचो, कुरकुरत. वर्षभरात वाट तळ्यापासून शंभर पावलांवर आली. तो शेवटचा तुकडाही खणून झाला, तेव्हा भाऊजींनी पाणी भरलेली नळी लावून चढ तपासला.

“चार बोटं जास्त आहे. मोडा.”

“भाऊजी, चार बोटांनी काय आभाळ कोसळतंय?”

“तुझ्या ताईला धाप लागेल.”

वळसा घालून नवी आखणी झाली. कचेरीतून नवी परवानगी आणावी लागली, मग पुन्हा खोदकाम. यात आठ महिने गेले. ताई पाचव्या महिन्यातच गेली.

वाट मात्र झकास झाली. गुडघे धरून चालणाऱ्या बायकाही गप्पा मारत तळ्यापर्यंत जातात. वाट खुली झाली त्या सकाळी भाऊजी फिरकलेच नाहीत. माझं डोकं फिरलं. एवढ्या लोकांना राबवलं, ताईला ताटकळत ठेवलं, आणि आता तोंड लपवून बसले म्हणून तणतणत घरी गेलो. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. चहा निवून गेला होता.

“मोडायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती,” ते म्हणाले. “‘असू दे हो, मी बसत बसत जाईन. उद्याच जाऊ.’ मीच म्हटलं, थोडं थांब, नीट करतो.”

मी भांडायला आलो होतो. दुसरं स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो.